फोनमधली बाई आणि आमचे अडकलेले हात

खांदा धरला की दोन गोष्टी फुकटात मिळतात. सल्ले आणि किस्से! सल्ले मी आल्या पावली दुसऱ्यांना वाटून टाकले. किस्से मात्र साठतच गेले. माळ्यावर टाकावेत, तर हात वर जात नव्हता ना!

मी बेळगावात शाळेत शिकवते. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून बरेच दिवस फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहीत होते. एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, वरचा फळा हेडसरांसाठी ठेवलाय व्हय?"

त्याच दिवशी संध्याकाळी मी फिजिओ मॅडम गाठल्या.

मॅडम निपाणीच्या, आठवड्यातनं एकदा बेळगावात येणाऱ्या. वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा. म्हणाल्या, "रोज इथं यायचं काम न्हाय. व्यायाम घरीच करा, मी फोनवर बघते." त्यांनी फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यातली बाई आकडे मोजणार, आपण हात हलवायचा, आणि त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर सगळे अडकलेले हात!

*

पहिला व्यायाम म्हणजे वाकून हात झुलवायचा, घंटेच्या लोलकासारखा. मी हॉलमध्ये फोन टेकवला, वाकले आणि सुरू केलं. दार उघडंच होतं. शेजारच्या वहिनी आत आल्या.

"काय हरवलं गं?"

तोंड खाली, मला धड बोलता येईना. तर त्याही वाकल्या आणि सोफ्याखाली हात घालून शोधायला लागल्या!

व्हिडिओ तसाच ग्रुपवर गेला. मॅडमचं उत्तर आलं, "मागच्या ताईंचं चाललंय ते चालू दे. तुम्ही गुडघे का वाकवताय?"

साडीतले माझे गुडघे त्यांना निपाणीतनं दिसले कसे, हे मला अजून कळलेलं न्हाय.

*

उचगावच्या आक्का आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात प्रामाणिक. दिवसभर रताळ्याच्या शेतात, संध्याकाळी काठी दोन्ही हातांत धरून व्यायाम. ॲपमधली बाई "आणखी एकदा" म्हणाली की आक्का तिला उत्तर देणार, "व्हय गं बाई, करतोय की!" आमच्याकडं बायकाही 'करतोय'च म्हणतात.

एकदा नेट गेलं आणि बाई मोजता मोजता गप्प झाली. आक्का काठी वर धरून तशाच उभ्या. सून म्हणाली, "आत्ती, हात खाली घ्या की!"

"थांब गं. सकाळपास्नं मोजाया लागलीया बिचारी, दमली आसंल. दम घेऊ दे तिला."

बाईनं भरपूर दम घेतला. आक्कांचा हात इतका वेळ वर कधीच राहिला नव्हता!

*

मग आला भिंतीचा व्यायाम. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि जिथं पोचेल तिथं खूण करायची. मी पेन्सिलीनं केली. नवऱ्यानं नव्या रंगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पेपर वाचायला लागला.

आक्कांनी कुंकवाचं बोट लावलं. रोज एक, कालच्यापेक्षा जरासं वर. बघता बघता भिंतीवर कुंकवाची शिडीच उभी राहिली! गल्लीतली एक बाई आली, तिनं पदर सावरून आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, "कुठला देव बसवलासा, आक्का?"

"खांद्याचा!"

पुढच्या व्हिडिओत आक्कांच्या शेजारी आणखी तिघीजणी भिंतीवर बोटं चालवत होत्या. खांदा एकीचाही दुखत नव्हता.

*

शहापूरच्या आप्पांची गोष्ट वेगळी. ते हातमागावर साड्या विणतात. उजव्या हातानं दोरी ओढली की आडवा धागा नेणारा धोटा खट्ट करून इकडून तिकडं पळतो, आणि नेमका तोच हात धरलेला. माग पावसाळ्यापासून गप्प. थोरल्या मुलानं सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत हात आला तर बरं. न्हाय तर माग काढू आणि तिथं पॉवरलूम बसवू." हे आप्पांनीच ग्रुपवर सांगितलं. जेवण झालं असं सांगावं, तशा आवाजात.

त्यांचे व्हिडिओ त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, काढायच्या. त्यात दिसायचा फक्त पंखा.

"काकू, पंख्याचा खांदा एकदम बरा हाय," मॅडम म्हणाल्या. "आता आप्पांचा दाखवा."

दुसऱ्या दिवशी काकूंचा अंगठा दिसला. त्यानंतर एकदाचे आप्पा दिसले. हात छातीपर्यंत आलेला, तिथनं वर जाईना.

मागनं काकूंचा आवाज, "लई दुखतंय तर सोडा की वो."

"तू फोन सरळ धर."

त्या दिवशी ग्रुपवर कुणी अंगठे, फुलं काही टाकलं न्हाय. सगळे आपापल्या घरी गुपचूप हात झुलवत बसलो.

*

खंडेनवमीला आप्पांच्या मागाची पूजा झाली. झेंडूची माळ घातलेला माग काकूंनी ग्रुपवर टाकला. फोटो अगदी सरळ आलेला. मुलानं दिलेली मुदत उद्या संपणार होती. मी खाली तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळपासून ग्रुपवर आपट्याच्या पानांचा ढीग पडला होता. त्या ढिगात आप्पांचा एक व्हॉइस मेसेज. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लावला.

खट्ट.

मग शांतता. इतकी लांब, की मला वाटलं संपला मेसेज.

खट्ट.

परत शांतता. जराशी कमी.

खट्ट... खट्ट.

मग आप्पांचा आवाज, लांबनं, धाप लागलेला. "ऐकतीस?"

आणि फोनच्या अगदी जवळ काकू.

"ऐकतोय. थांबू नगा."