झोळीतलं लोखंड

मी अंगणवाडी सेविका आहे आणि माझं तोंड फटकळ आहे. या दोन्ही गोष्टी आमच्या पाड्यावर सगळ्यांना माहीत आहेत. मी मूळची नाशिक शहरातली. लग्न होऊन पेठ तालुक्यातल्या डोंगरात आले, तेव्हा वाटायचं, इथल्या बायकांना शिकवायलाच आपण आलोय. काय तो तोरा होता माझा! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत दोन द्याव्याशा वाटतात.

दर महिन्याला पोरांची वजनं करायची असतात. आढ्याला टांगता काटा, काट्याला कापडाची झोळी, झोळीत पोर. आकडा वहीत लिहायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला तर पोर चांगलं, पिवळ्यात पडला तर लक्ष ठेवायचं, लालमध्ये पडला तर पोर धोक्यात. काम सोपं आहे, पण पोरं आणणार कोण? वजनाच्या दिवशी सगळी दारं बंद. काट्याला टांगलेल्या पोराला नजर लागते, ते वाळत जातं, असं इथल्या बायका मानतात. आकडा मोठ्यानं बोलला तर आणखीच वाईट. मी घरोघर फिरून घसा फोडायचे, "अगं बायांनो, काट्याला काय डोळे आहेत का?" त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि पोराला मागे सरकवायच्या.

शेवटी आमच्या मदतनीस बाईंनी वाट सांगितली. त्या पाड्यावरच्याच. म्हणाल्या, "लोखंड जवळ असलं का नजर नाय लागत. झोळीत ठेवू द्या त्यांना." मी ठेवू दिलं. आकडा गुपचूप लिहीन, बोलणार नाही, असंही कबूल केलं. पुढच्या महिन्यात दारात रांग! कोणी खिळा आणला, कोणी जुनी किल्ली, कोणी बिजागरीचं पातं, सगळं फडक्यात बांधून पोराच्या कुशीत. सुरुवातीला मी ते फडकं काढून वेगळं तोलायचे आणि वजा करायचे. मग कंटाळा आला. खिळ्याचं वजन ते काय असणार, म्हणून सोडून दिलं.

आमच्या पर्यवेक्षिका मॅडम एकदम खूश. महिन्याच्या बैठकीत त्यांनी मला उभं केलं. "एकही मूल सुटलं नाही. बाकीच्यांनी शिकावं यांच्याकडून." चहाच्या वेळी चार-पाच जणींनी युक्ती विचारली आणि मी मोठ्या ऐटीत सांगितली. वजा करायचं तेवढं सांगायचं राहून गेलं. मीच करत नव्हते, तर सांगणार काय?

माझ्याकडे एक दोन वर्षांची पोरगी यायची. गप्प. खिचडी बोटांनी चिवडत बसायची, दोन घास खाल्ले की मान फिरवायची. मला कधी कधी वाटायचं, ही फारच किडकिडीत दिसते. पण काटा दर महिन्याला नऊ किलोच्या वर जायचा, ठिपका हिरव्यात पडायचा. दंडाचा घेर मोजून पोर खंगलंय का ते दाखवणारी रंगीत पट्टी कपाटात होती. ती काढायला दोन पावलं लागली असती. मी म्हणायचे, जाऊ दे, काटकच असेल अंगानं. समोरच्या पोरीपेक्षा मी तक्त्यावर जास्त विश्वास ठेवला.

दिवाळी झाली की आमचा पाडा निम्मा रिकामा होतो. माणसं द्राक्षाच्या बागांत कामाला जातात. निघायच्या आदल्या दिवशी त्या पोरीची आई दारात आली. "बाई, पोरीला संगं नेऊ का सासूपाशी ठेवू? ठेवली तर हितं खिचडी तरी खाईल." मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "ने की. वजन चांगलंय तिचं. आईपासून कशाला तोडतेस?" ती हसली आणि गेली.

तीन आठवड्यांनी वजनाचा दिवस आला. त्या पोरीची आजी फडक्यात काहीतरी घेऊन आली. म्हणाली, "पोरगी हितं नाय, पन तिची पाळी चुकवू नको. तिचं लोखंड आनलंय, त्येच घाल झोळीत. तिच्या नावाची झोळी रिकामी बरी नाय."

मला हसू आलं. "आजी, लोखंडाचं वजन करून मी काय करू?"

"घाल तर खरी."

म्हातारीचं मन कशाला मोडायचं, म्हणून मी फडकं घेतलं. हाताला ओझं लागलं. सोडून पाहिलं तर नांगराचा झिजलेला फाळ. झोळीत ठेवला आणि काटा झरकन खाली गेला. एक किलो दोनशे.

मी अजून हसतच होते. मग वाचलेला आकडा डोक्यात शिरला.

"आजी, हा कधीपासून घालता?"

"पावसाळ्यापासनं. आधी खिळा व्हता. पोरगी वाळत चालली, मंग म्याच सुनेला म्हनलं, खिळ्यानं नाय भागायचं, फाळ ने."

देवा रे! पोर चांगलं असेल त्याच्या झोळीत खिळा, आणि पोर खंगत जाईल तसं लोखंड जड. माझ्या वहीत नेमकी तीच पोरं गुटगुटीत दिसत होती जी हातातून चालली होती. मी वही ओढली. नऊ किलो दोनशे, त्यातून एक किलो दोनशे गेले. राहिले आठ. ठिपका लालमध्ये. मागचा महिना, लाल. त्याच्या मागचा, लाल. मी पावसाळ्यापर्यंतची पानं उलटली.

खोटं कशाला बोलू, पहिली भीती मला माझीच वाटली. नोकरी जाईल, पाड्यावर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. वहीची ती पानं फाडावीत असंही क्षणभर मनात आलं. मग समोर आजी दिसली. ती फाळ पदरानं पुसत होती, काळजीनं, पोरीचं अंग पुसावं तसा. मला माझीच शिसारी आली.

मी पोरीच्या बापाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. बाग कुठली, मालक कोण, आजीला काहीच माहीत नव्हतं. "ओझरच्या अलीकडं. जिथं इमानं लय खाली उडतात," एवढंच तिनं सांगितलं. मदतनीस बाईंना म्हटलं, बाकीच्या पोरांचं सगळं लोखंड काढून पुन्हा तोला, दंडही मोजा. पट्ट्या दोन होत्या. एक त्यांना दिली, एक पर्समध्ये टाकली आणि जीप धरली. घाट उतरताना कोणीतरी गप्पा मारायला लागलं, तर मी अंगावर ओरडले. मला बोलायचंच नव्हतं. डोक्यात एकच चाललं होतं: तीन आठवडे. रोज दोन घास खाणारं पोर, थंडीचे दिवस, उघड्यावरची झोपडी. 'ने की' म्हणाले होते मी. 'ने की!'

नाशिकला उतरून ओझरची बस पकडली आणि विमान डोक्यावरून खाली जाताना दिसलं तिथं उतरले. पहिल्या बागेत पेठची माणसं नव्हती. दुसऱ्या बागेतल्या रखवालदारानं आतच सोडलं नाही. मी त्याच्याशी कडाकडा भांडले, तेव्हा कुठे त्यानं कॅनॉलपलीकडे बोट दाखवलं. "तिकडं हायेत पेठवाले." मी धावत सुटले. वरून एक विमान गेलं, कानठळ्या बसल्या, आणि मांडवाखाली, वेलीच्या तारेला बांधलेली एक झोळी मला दिसली.

ती हलत नव्हती. एवढा आवाज झाला, पोर दचकायला हवं होतं, रडायला हवं होतं. झोळी जशीच्या तशी. तिथून झोळीपर्यंत दहा पावलं असतील, पण मला ती टाकवेनात. दर महिन्याला मी स्वतःच्या हातानं झोळी उघडते, आणि त्या दिवशी उघडायची माझी छाती होईना.

उघडली. पोरीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, हसली नाही, हातही हलवला नाही. जिवंत होती. मी दंडाला पट्टी लावली. पट्टी ओढत गेले, ओढत गेले, लाल रंग आला तरी ती सैलच.

तिची आई दोन ओळींपलीकडून धावत आली. "बाई, तुमी हितं?"

मी सांगितलं. फाळाचं सांगितलं, वहीचं सांगितलं. वाटलं, ही आता ओरडेल, मला शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "पन तुमी म्हनल्या का वजन चांगलं हाय. सासू म्हनत व्हती ठेव. म्याच भांडले तिच्याशी. म्हनलं, बाईंनी सांगितलंय."

पाड्यावर कोणालाही गप्प करणारी मी. पोरीला झोळीतून उचललं आणि रस्त्याकडे चालायला लागले.

रिक्षा केली आणि तिघी नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आलो. नर्सनं काटा पुढे केला, नवा, सपाट. पोरीला त्यावर ठेवताना आईनं कमरेतून काहीतरी काढून तिच्या पाठीखाली सरकवलं. बागेतली मोडकी कात्री. फाळ घरी राहिला होता ना. मी तिचा हात धरला. "लोखंड मी धरते. तिच्या डोक्याशीच धरते, पण काट्यावर नको." तिनं कात्री सोडली, पण डोळे माझ्या हातावरच ठेवले. तो हात जराही लांब जाऊ नये म्हणून.

"किती?" तिनं विचारलं. आजवर कधीच विचारलं नव्हतं.

मला वाटलं, नको सांगायला. पण आकडा मोठ्यानं न बोलण्याच्या बोलीनंच हे सगळं झालं होतं. "सात किलो सातशे," मी मोठ्यानं म्हणाले.

डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. ती पोरगी वाचली, हे आत्ताच सांगून टाकते. त्या दिवसांत मला ते सांगणारं कोणी नव्हतं. वॉर्डातली घंटा वाजली तरी मी उभी राहायचे. चौथ्या दिवशी तिनं अर्धी वाटी खाल्ली आणि रडली, चांगली भोकाड पसरून रडली, तर आम्ही दोघीही तिच्यासोबत रडलो.

त्याच दिवशी आमची मासिक बैठक होती. पोरीला बघायला आलेल्या आजीनं फाळ सोबत आणला होता, तो मी पिशवीत घालून नेला. मॅडम बोलायला उभ्या राहायच्या आधीच तो त्यांच्या टेबलावर ठेवला. आवाज झाला, सगळ्या वळल्या. मी सगळं सांगितलं. माझी युक्ती, माझा कंटाळा, 'ने की' म्हणाले तेही. काहीच लपवलं नाही. कोणी रागावलं नाही. ज्यांनी माझ्याकडून युक्ती घेतली होती त्यांचे चेहरे मला एकेक करून दिसत होते, आणि प्रत्येकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्यांच्यातली एक, मागच्या रांगेतली सेविका, उठली. तिचा पाडा माझ्या पाड्याच्या पलीकडच्या डोंगरावर. हातातला कप तिनं खाली ठेवला, तो कलंडला, तिला कळलंही नाही.

"आमची माणसं आज सकाळीच द्राक्षाला गेली," ती म्हणाली. "सात पोरं नेलीत. मीच सांगितलं, न्या."

ती दाराकडे पळाली. मी फाळ टेबलावरच टाकला, पर्समधली पट्टी चाचपली आणि तिच्यामागे धावले.