वाढत्या अंगाची बंदूक

“वाढत्या अंगाची दाखवा,” समीर म्हणाला.

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो मी हळूच काउंटरवर ठेवला. वाढत्या अंगाचे फ्रॉक मी पाहिले होते. बूट पाहिले होते. शाळेचा रेनकोट तर असा पाहिला होता, की आत दप्तर आणि एक धाकटा भाऊ सहज मावला असता. पण बंदूक? पहिल्यांदाच!

म्युनिकच्या एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, शेवटच्या स्टेशनाजवळ आमचं दुकान आहे. आम्ही नेमबाजीच्या एअर रायफली विकतो आणि माणसाच्या मापाला बसवून देतो. दुकान सेपचं. सेप म्हणजे माझा बॉस, मिशीतून बोलणारा अस्सल बव्हेरियन माणूस. मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याच्या नोकरीमागे जर्मनीत आले, या दुकानात हिशेब बघायला आले, आणि एकदा गंमत म्हणून एका गिऱ्हाइकाच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, जरासा मागे सरकवला. त्या माणसाने नेम धरला आणि आनंदाने मला मिठीच मारली. जर्मन माणसाने! तेव्हापासून हिशेब दुसरं कुणीतरी बघतं.

तर समीर. पुण्याचा, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत. सोबत मुलगी सई, नुकतीच बारा पूर्ण झालेली, उदबत्तीसारखी बारीक. आणि समीरची आई, उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे आलेल्या. चणीने अगदी नातीएवढ्याच. अंगात समीरचं जुनं जाकीट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

“ताई, प्रॉब्लेम असा आहे,” समीर म्हणाला. “ही फेराइनमध्ये जाते. रविवारी युथ टीमचं सिलेक्शन आहे. जागा एकच.”

फेराइन म्हणजे क्लब. इथे गावोगावी नेमबाजांचे क्लब असतात. आपल्याकडे गल्लीचं गणेश मंडळ असतं ना, तसंच: अध्यक्ष, खजिनदार, मिरवणूक, रुसवेफुगवे, सगळं. फक्त वर्गणीच्या जोडीला बीअर.

“आणि क्लबची बंदूक?”

“जड आहे,” समीर म्हणाला. “तिची पाठ दुखते.”

“इश होअर आउफ,” सई जमिनीकडे बघत म्हणाली.

“काय म्हणाली गं?” आजींनी मला विचारलं.

“सोडून देते म्हणाली.”

“रविवारी नाही झालं तर सोडणार म्हणते,” समीरचा आवाज उतरला. “ताई, भरतनाट्यम मी घातलं. तबला मी घातला. चेस, स्विमिंग, सगळं मीच. ही एकच गोष्ट तिने स्वतः निवडलीय.”

तेव्हा मला कळलं की हे गिऱ्हाईक बंदूक घ्यायला आलेलंच नाही.

पण समीरची नजर काचेच्या कपाटाकडे गेली होती. तिथे सेपची राणी उभी होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, मोठ्या माणसाच्या मापाची, पाच किलोच्या घरात. सेकंड हँड, म्हणून किंमत बरीच उतरवलेली. तरीही कित्येक महिने तिला कुणी विचारत नव्हतं.

“ही बघा! एकदाच घ्यायची. आत्ता जरा मोठी होईल, पण दोन-तीन वर्षांत बसेल. अठरापर्यंत बघायला नको.”

सेप ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला मराठी कळत नाही, पण राणीकडे वळलेलं बोट त्याला कुठल्याही भाषेत कळतं. त्याने मला आत बोलावलं.

“आल्झो, आल्का,” म्हणजे ‘तर मग’ आणि माझं नाव, “घेतोय ना तो?”

“तो घेतोय. मी देत नाही.”

“गिऱ्हाईक घ्यायला तयार आणि तू द्यायला नाही? हा कुठला धंदा?”

“सेप, ही बंदूक घेतली तर पोरगी महिनाभरात नेमबाजी सोडेल. मग तिचं शूटिंगचं जाकीट कोण घेणार? बूट? छर्रे? पुढची बंदूक?”

सेपने मिशी चावली. “गेनाऊ,” तो म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर. “पण राणीवरची धूळ तू पुसायचीस.”

मी बाहेर आले आणि आमच्या धंद्यातली सगळ्यात सोपी परीक्षा घेतली. दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि हात पुढे करायचा. बोट ट्रिगरला सहज पोचलं तर माप बरोबर. राणी घेऊन सईचं बोट हवेतच वळवळत राहिलं.

“वाढेल ना हात,” समीर म्हणाला.

“रविवारपर्यंत?”

आजी खुदकन हसल्या. समीर नाही हसला.

मग मी दुकानातली सगळ्यात हलकी रायफल काढली, अगदी पोरांच्या खेळण्यातली वाटावी अशी. आमच्याकडे मागे दहा मीटरचा टेस्ट रेंज आहे. एका टोकाला नेमबाज, दुसऱ्या टोकाला टार्गेट, आणि छर्रा कुठे लागला ते शेजारच्या स्क्रीनवर दिसतं. सईने ती सहज उचलली. मी विजयी मुद्रेने समीरकडे पाहिलं. सईने पाच छर्रे मारले आणि स्क्रीनवर जणू कुणी मोहरीची फोडणी उडवली! एक इकडे, एक तिकडे, एक तर टार्गेटच्या कडेला शिंकल्यासारखा.

फारच हलकी बंदूक श्वासाबरोबरही हलते. हे मी दर आठवड्याला गिऱ्हाइकांना सांगते. त्या दिवशी मला समीरवर मात करायची इतकी घाई होती, की माझंच ज्ञान मी घरी ठेवून आले होते.

“बघा!” समीरला जोर चढला. “जडच पाहिजे. उगाच नाही चॅम्पियन लोक जड वापरत.”

आता वाद घालून उपयोग नव्हता. मी राणी पुन्हा टेबलावर घेतली. पाना काढला. दस्ता पार शेवटच्या खाचेपर्यंत लांब केला. पुढे नळीला वजनाचे तुकडे अडकवले, होते तेवढे सगळे. मग पडदा वर जावा तशी बाजूला झाले.

“या समीरराव. ही तुमच्या मापाची.”

“माझ्या?”

“वाढत्या अंगाची! सईला ही बंदूक जेवढी मोठी पडते, तेवढीच तुम्हाला मोठी करून दिलीय. मारा.”

समीर जिममध्ये जाणारा माणूस. त्याने बंदूक झोकात उचलली. खांद्याला लावली आणि ट्रिगर सापडेना. हात ताणला तर गाल दस्त्यावरून निसटला. गाल टेकवला तर नेम धरायच्या मागच्या बारीक भोकातून बघायला मान बगळ्यासारखी पुढे. त्यातून तोल सावरायला पाठ मागे कललेली. आणि नळी पुढे खाली खाली चाललेली, झोप आलेल्या श्रोत्याच्या मानेसारखी.

“पापा, दू वाकेल्स्ट!” सई ओरडली. पापा, तू डुगडुगतोयस! हे तिचं त्या दिवसातलं पहिलं मोठ्याने बोललेलं वाक्य.

आणि आजी? आजींनी जाकिटाच्या लोंबत्या बाहीत तोंड लपवलं होतं. खांदे गदगदत होते.

“अरे, शाळेची शर्यत रे!” त्या कशाबशा म्हणाल्या. “ताई, याला मी दोन नंबर मोठे बूट घ्यायची. पुढे कापूस कोंबायचा. चौथीत हा पळत होता सगळ्यांच्या पुढे, आणि बूट गेला उडून प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर!”

“आई, प्लीज.”

“बक्षीस गेलं, पण बूट सातवीपर्यंत टिकला हो.”

समीरने बंदूक खाली ठेवली. मग त्याने सईला विचारलं, “क्लबची बंदूक तुला अशीच वाटते?”

सईने मान हलवली. आणि मराठीत म्हणाली, “रोज.”

त्यानंतर काम सरळ झालं. मी आतून बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची एक ज्युनियर रायफल आणली. साडेतीन किलोच्या आसपास, वापरलेली, दस्त्यावर ओरखडे. एका मुलीला लहान झाली म्हणून तिने परत दिलेली. किंमत राणीच्या निम्म्याहून कमी. दस्ता आखूड केला. सगळ्या वजनांतलं एकच छोटं वजन नळीला लावलं, आणि नळी नाचायची थांबली. नवशिक्याची बंदूक अशी लागते: उचलताना तिचं वजन आठवू नये, नेम धरताना विसरू नये. उभं राहून मारताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि वजन हाडांतून जमिनीत उतरतं. स्नायूंना काम पडलं की हात थरथरतो. सईचं कोपर कमरेवर बसलं. पाठ सरळ झाली. पाच छर्रे, आणि स्क्रीनवरचे ठिपके एकमेकांना चिकटून बसले.

पण समीरचा जीव अजून खालीवर होत होता. “वर्षभरात लहान होईल ही. मग?”

“मग आम्ही परत घेतो.”

“निम्म्या किमतीत घेणार. वायाच ना!”

“सर मागे,” आजी मुलाला म्हणाल्या.

त्यांनी दुमडलेली बाही आणखी वर केली, नातीच्या हातातून रायफल घेतली आणि कुणी काही बोलायच्या आत दस्ता आपल्या कोपरात टेकवून बोट पुढे केलं. बोट ट्रिगरवर अलगद पोचलं. आजी आणि नात, एकच माप!

मी धावत स्टँड आणला. इथे वयस्कर नेमबाजांसाठी वेगळा प्रकार असतो, आउफलागे. बंदूक स्टँडवर टेकवून मारायची. आजींनी चष्मा पुसला, काय करायचं ते मला दोनदा विचारलं आणि छर्रा सोडला.

स्क्रीनवर नऊ.

“वा!” मी म्हणाले.

“किती पैकी?” आजींनी विचारलं.

“दहा.”

“मग वा कसलं? दे अजून एक.”

सेप ऑफिसातून पळत आला आणि टाळ्या वाजवायला लागला. आजींनी त्याच्याकडे मुळीच लक्ष दिलं नाही. आठ छर्रे संपल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, “घे ही. सईला लहान झाली की मी वापरीन. वाया कशी जाते बघतेच.”

समीरने कार्ड काढलं.

सोमवारी सकाळी दुकानात त्याचा फोन आला. “ताई, दुसरी आली.”

जागा एकच होती. मी कोल्हापूर ते म्युनिकमधले सगळे धीराचे शब्द गोळा करायला लागले.

“ऐका तर! कारमध्ये बसल्या बसल्या मला विचारते, मंगळवारी प्रॅक्टिसला कितीला निघायचं.” फोनवर तो वेड्यासारखा हसत होता. मीही हसले. शेजारी सेप राणीवरची धूळ पुसत होता, कारण ती मी पुसली नव्हती.

यंदा सई टीममध्ये आहे. उंची अशी सुटलीय की पुढच्या मापाची बंदूक घ्यावीच लागली. वेळेवर घेतली आणि मापाची घेतली. जुनी बीचवाली आजींकडे गेली. त्या यंदाही उन्हाळ्याला आल्यात आणि क्लबच्या रिटायर्ड मंडळींबरोबर पाहुण्या म्हणून आउफलागे मारतात. त्यांना जर्मन येत नाही, त्या मंडळींना मराठी येत नाही. दहा आकडा मात्र सगळ्यांना कळतो.

गेल्या शनिवारी त्या जाकीट घ्यायला आल्या. शूटिंगचं जाकीट घट्ट असावं लागतं, अगदी अंगाबरोबर, नाहीतर आधारच मिळत नाही. मी टेप लावून माप घेतलं. समीर शेजारी उभा होता, शहाणा झालेला. “अगदी मापाचं द्या हं, ताई,” तो स्वतःहून म्हणाला. माझे डोळे भरून यायचेच बाकी होते.

आजींनी जाकीट घातलं, बटणं लावली, आरशात वळून पाहिलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण दोन नंबर मोठं बघ गं. पुढे समीरला होईल.”

बंदुकीचा दस्ता कमीजास्त करता येतो. बाकी काही माझ्या हातात नाही.