साहेबाची घडवंची

लढाई संपली आणि आमचे हे पलटणीतून घरी आले, ते एक काळी लोखंडी ट्रंक घेऊन. ट्रंक उघडली, पण रिकामी केली नाही. कपडे घडी घालून आतच, आणि ट्रंक दाराशी. शेतात दोघे भाऊ पुरेसे होते, ह्यांना बांधावर उभं राहण्याखेरीज काम नव्हतं. "हितं काय जमलं न्हाई, तर परत भरती व्हतो," असं जेवताना सहज म्हणायचे आणि माझा घास तोंडातच फिरायचा. त्या ट्रंकेचा मला इतका राग, की झाडताना केरसुणी मुद्दाम तिच्यावर आपटायची.

त्याच सुमारास पाचगणीचे साहेबलोक बंगले आवरून विलायतेला निघाले. त्यांचं जुनं सामान मातीमोल जाऊ लागलं. ह्यांनी बैलगाडीभर सामान घाटानं खाली वाईला आणलं. खुर्च्या, टेबलं, आणि एक उंच चौपायी, तिच्या फळीला मधोमध भलंमोठं गोल भोक. त्यात भांडं ठेवून साहेब तोंड धुवायचा म्हणे.

"आवं, भोक इकत आनलं व्हय?" मी म्हटलं. किती दिवसांनी ते हसले.

पलटणीत साहेबांच्या मेसमधल्या टेबल-खुर्च्या त्यांच्याच ताब्यात असायच्या, म्हणून हात बसलेला. जुना रंग खरवडायचा, काचपेपरनं घासायचं, मग स्पिरिटात विरघळलेली लाख कापडाच्या बोळ्यानं हलकी हलकी फिरवायची. लाकूड असं उजळायचं की मला त्यात माझी नथ दिसायची.

बाजाराच्या दिवशी आम्ही दुकान मांडलं. बायका यायच्या, हात फिरवून बघायच्या, विचारायच्या, "कुनाचं हाय?" हे खरं सांगायचे, "सायबाचं." की लगेच हात पदराला पुसून बायका पुढे. साहेबानं त्यावर काय खाल्लं असेल, कोण त्यावर मेलं असेल, कुणास ठाऊक. संध्याकाळी सगळं परत गाडीत. असे काही बाजार गेले. एक दिवस हे ट्रंकेच्या कुलपाला तेल घालताना दिसले.

सासूबाईंनीही ते पाहिलं होतं. पुढच्या बाजारी त्या कृष्णेच्या पाण्याचा तांब्या भरून आल्या आणि सगळ्यांदेखत त्या भोकाच्या फळीवर ओतला. "आता गेला न्हवं इटाळ?"

ताजं पॉलिश ते. बघता बघता फळीभर पांढरे, दुधाळ डाग उठले.

"आये, समदी म्हेनत गेली बघ," हे म्हणाले.

"तू जाऊ ने म्हनून केलं रं," सासूबाई म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या. रडल्या नाहीत, पण रिकामा तांब्या हातातून सोडेनात.

पाणी ओतलं तेव्हा चार बायका थांबल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. घरी गेल्यावर म्हटलं, "आवं, पानी आदी, पॉलिश मागनं. आन् पानी घालायचं ते लोकांच्या म्होरं."

ह्यांनी पॉलिश उतरवलं. आम्ही ती चौपायी नदीच्या घाटावर नेली आणि धुणं धुणाऱ्या बायकांसमोर कृष्णेत धुतली. सावलीत पूर्ण वाळवली, मग पुन्हा लाख चढवली. बाजारात सासूबाईंनी भरलेली घागर त्या भोकात ठेवली. अशी चपखल बसली, जशी साहेबानं घागरीसाठीच ती करवून घेतली असावी.

"कुनाची हाय?" विचारणारी त्या दिवशी घाटावर असलेलीच एक बाई होती.

"घडवंची हाय, बाय. तुज्याच म्होरं किस्नामाईत धुतलीया," सासूबाई म्हणाल्या. आणि बाईनं ती घेतली.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या घाटावर धुऊन आलो. बोळ्याला मऊ कापड हवं होतं. मी जुनं लुगडं शोधत होते, तोवर ह्यांनी ट्रंक उघडली. धुऊन धुऊन मऊ झालेला पलटणीचा सदरा बाहेर काढला आणि कॉलरपासून खालपर्यंत टरकन फाडला. एक पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "धर, तूबी शिक."