वाळूतल्या दोन रेघा

हातोद रोडवरच्या एका फार्मवर गजानन घोड्यांच्या मैदानाची वाळू सांभाळायचा. पणजोबा होळकरांच्या पागेत होते, याच्या वाट्याला ट्रॅक्टर आला. चार वर्षांपूर्वी मालक संजीव भियांनी तिथे रेनिंग सुरू केलं. काऊबॉयचं खोगीर, लगाम ढिला, घोडा जागच्या जागी गरगर फिरवायचा आणि भरधाव दौडीतून मागच्या पायांवर घसरवत थांबवायचा. आधी लोक हसले. आता रविवारी फाटकाबाहेर गाड्या लावायला जागा नसते.

घोडा घसरला की वाळूत दोन लांब रेघा उमटतात. त्या वखर ओढून पुसणं हे गजाननचं काम. पुसण्याआधी तो नीट बघून घ्यायचा. घोड्याचं दुखणं त्याला तिथे कळायचं.

त्याची मुलगी शर्वरी तबेल्यात काम करता करताच शिकली. मोठ्या घरच्या मुलांना सोडून भियांनी स्पर्धेसाठी रेवा घोडी तिला दिली. पंधरा दिवस उरले असताना रेवाची डावी रेघ हातभर आखूड दिसली. दुसऱ्या दिवशीही तेच.

स्नेहलतागंजच्या आपल्या दोन खोल्यांत पोहे खाताना त्याने बायकोला सांगितलं. भानुमती कांदा चिरत राहिली.

"भियांना सांगाल तर घोडीला बसवून ठेवतील, आणि आपली पोरगीपण बसेल घरी. पंधरा दिवसांचं तर काम आहे. फालतूमध्ये बोलू नका."

त्यालाही हेच ऐकायचं होतं. त्यानंतर शर्वरीचा सराव संपला रे संपला की तो ट्रॅक्टर काढायचा, भिया मैदानात उतरायच्या आत.

स्पर्धेत दुसऱ्यांदा थांबताना रेवा बसली, ती उठलीच नाही. हाडाला आधीपासून चीर असणार, डॉक्टर म्हणाले. तिला तिथेच शेवटचं इंजेक्शन दिलं.

परतीच्या गाडीत शर्वरीने विचारलं, "बाबा, तुम्ही तर रोज तिच्या रेघा बघायचात. काहीच दिसलं नाही?"

"नाही गं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग मीच जास्त जोरात थांबवली तिला."

खरं सांगायचं असेल तर ते आत्ताच, हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, बाटलीत पाणी आहे, पी थोडं.

शर्वरी पुन्हा फार्मवर गेली नाही. तुझी चूक नव्हती, असं सांगायला भियांचे दोनदा फोन आले. तिने ऐकून घेतलं. हल्ली ती एका मोबाईलच्या दुकानात बसते. घराखालून वरातीची घोडी जरी चालली, तरी खिडकी लावून घेते. तेव्हा गजानन आणि भानुमती एकमेकांकडे बघत नाहीत.