खबर देणारी

मोताळ्यात मी लोकांना जुन्या मोडी नोंदी वाचून देतो. मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. कपडे कडक इस्त्रीचे, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. घराण्याचा वंशवृक्ष फ्लेक्सवर छापून गावाच्या वेशीत लावायचा होता त्यांना. मी पान उलटलं की ते मिशीवरून हात फिरवायचे, जणू पूर्वज आतून बघताहेत.

"आमचे पणजोबा लढाईत पडले, भाऊ," म्हणाले.

मृत्यूच्या वहीत पणजोबा सापडले. बिचारे पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गेले होते.

"असू द्या. तुम्ही लढाईच लिवा."

मी म्हटलं, "खबर देणार म्हणून त्यांच्या बायकोचं नाव आहे. निदान ते तरी घ्या, खरं आहे."

"बाईचं नाव कायले? वंश तं माणसाचा चालते."

आणि तिचं नाव बोटानं झाकून त्यांनी नोंदीचा फोटो काढला.

परवा तो फ्लेक्स पाहिला. पणजोबांच्या हाती तलवार आहे. घरात नवऱ्याचं प्रेत ठेवून जी खबर द्यायला चावडीवर चालत गेली, जिच्यामुळे तो कागदावर तरी उरला, तिच्या जागी आमदाराचा फोटो आहे.