यादीतली तीन मुलं

उदगीरजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. जिल्हा नवा म्हणून रेशनकार्डंही नवी निघायची होती. त्यासाठी घरोघर माणसं मोजायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं.

त्याच दारांवर मी आधी दुसऱ्या कामासाठी जात असे. दरवर्षी नसबंदीच्या इतक्या केसेस आणा, नाहीतर पगार अडकेल, असा वरून हुकूम यायचा. माणसं वाढली की पिकलेलं पुरत नाही, हे मी वर्गातही शिकवायचो आणि लोकांच्या ओट्यावर बसूनही. मी लांबून दिसलो की बायका पोरं आत घालायच्या. आता वही रेशनची होती, पण माणूस तोच होता.

गावाच्या टोकाला एक मजूर बाई राहायची. तिला चार मुलं.

"तीनच हायेत, गुरुजी," ती म्हणाली.

चौथं मूल म्हणजे माझ्याच दुसरीच्या वर्गातली मुलगी. दाराच्या फटीतून तिचा परकर मला दिसत होता. माझं टाळकं सरकलं. इतकी वर्षं घसा कोरडा केला आणि ही माझ्या तोंडावर खोटं बोलते? म्हटलं, तीन तर तीन. लिहून टाकलं.

धान्य माणशी मिळायला लागलं, तेव्हा ती दुकानातून तडक शाळेत आली. "चौथीचं नाव घाला की, गुरुजी. मला भेव वाटलं व्हतं." मी तहसिलीत दोनदा गेलो. नव्या जिल्ह्याचे कागद यायचेत, पावसाळ्यानंतर बघू, असं उत्तर मिळालं. येताना उदगीरच्या मोंढ्यातून आलो. तिथं ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या, भाव आमच्या गावाला झेपणारा नव्हता. जन्मभर मी खाणारी तोंडं मोजली, त्या थप्प्यांबद्दल वर्गात कधी बोललो नाही. तहसिलीत तिसऱ्यांदा काही गेलो नाही. त्या आळसाची मला आजही शिसारी येते.

शाळेत सुकडी मिळायची. ती पोरगी अर्धी खायची आणि अर्धी धाकट्या भावासाठी परकराच्या टोकाला बांधून न्यायची. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, सुकडीही बंद झाली.

जूनमध्ये हजेरी घेताना तिचं नाव दोनदा पुकारलं. शेवटी एकीनं सांगितलं, सुट्टीत हगवण लागली आणि दोन दिवसांत गेली.

मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेलो. आई उंबऱ्यात बसली होती. या खेपेला मला बघून तिनं कुणालाच आत घातलं नाही. तिघंही तिच्याजवळ बसून होती.

"तीनच हायेत, गुरुजी," ती म्हणाली. "तुमचं लिवलेलं बरोबर हाय आता."