टाकीमामांची सुट्टी

टाकीमामा सुट्टी घेत नाहीत, ही गोष्ट आमच्या कारखान्यात इतकी जुनी झाली होती की तिचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. नवीन माणूस आला की त्याला चहाची जागा दाखवायची, स्वच्छतागृह दाखवायचं आणि टाकीमामा दाखवायचे. "हे बघ, हे रविवारीही येतात." नवीन माणूस कौतुकाने मान हलवायचा आणि चहाकडे वळायचा. मीही त्यातलीच. आता उगाच शहाणपणाचा आव आणत नाही.

आमचा कारखाना कापड रंगवण्याचा. रंगवून झालं की पाणी उरतं. कधी निळं, कधी जांभळं, कधी नाव ठेवता येणार नाही अशा रंगाचं. ते तसंच नाल्यात सोडलं तर खालच्या वस्तीतल्या विहिरींची वाट लागेल. म्हणून मागच्या भिंतीला लागून तीन टाक्या आहेत. पहिलीत पाणी जमा होतं, दुसरीत त्याच्यात हवा सोडतात, तिसरीत ते निवळतं. खरं काम दुसरीत चालतं. तिथल्या तपकिरी गाळात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, ते पाण्यातली घाण खाऊन टाकतात. त्यांची सगळी देखभाल मामांकडे. मी प्रयोगशाळेत. मामा रोज सकाळी निवळलेल्या पाण्याची बाटली भरून आणायचे, मी ती तपासायची आणि घाण किती उरली त्याचा आकडा सांगायचा. अडीचशेच्या वर गेला की कारखान्याची खैर नाही. मामांच्या हाताखाली तो दीडशे ओलांडून गेल्याचं मला आठवत नाही.

जिवाणूंना मामा 'मंडळी' म्हणत. "आज मंडळी नाराज आहेत," असं म्हणत ते आले की समजायचं, रंगखात्यात कुणीतरी न सांगता ब्लीचचं पिंप ओतलंय. एकदा त्यांनी रंगखात्याच्या मुकादमाला सगळ्यांदेखत असं काही झापलं की तेव्हापासून ब्लीच ओतायच्या आधी मामांना फोन जातो. मुकादम म्हणतो, "बायकोला सांगून घराबाहेर पडत नाही, पण मामांना सांगितल्याशिवाय पिंप हलवत नाही."

मामांची बायको आठ वर्षांपूर्वी गेली. मुलगी लग्न होऊन लांब, विमानाने जावं लागतं एवढी लांब. दोन खोल्यांच्या घरात मामा एकटे. टाकी होती म्हणून त्यांचा रविवार पार पडत होता, हे आता मला स्पष्ट दिसतं. तेव्हाही दिसायला हवं होतं. एका रविवारी मी चष्मा विसरले म्हणून कारखान्यात गेले होते. सगळी खाती बंद, आवारात चिटपाखरू नाही. मामा हवेच्या टाकीशेजारी स्टुलावर बसून मांडीवरच्या ताटलीत मटार सोलत होते. तेवढ्यात फोन वाजला. "हो गं बाळा, कामावर आहे. हो, आजपण. काय करणार, माझ्याशिवाय चालतच नाही इथे," म्हणाले आणि हसले. मला बघताच गडबडीने उठले, एक नळ थोडा बंद केला, मग पुन्हा होता तेवढाच उघडला. मला वाटलं, काहीतरी बारीक काम असेल. मी चष्मा घेतला आणि घरी गेले. घरी माझी दोन पोरं भांडत होती आणि भाजी फोडणीला टाकायची होती.

मग प्रदूषण नियंत्रण कार्यालयाचं पत्र आलं. परिसरातल्या दहा-बारा कारखान्यांनी एकत्र यायचं, हवा आणि पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी जे चांगलं करतो ते एकमेकांना सांगायचं. आमच्याकडून मामांना बोलवलं होतं, कारण लांब सुट्टीनंतर बाकी सगळ्यांचं पाणी बिघडतं, आमचं बिघडत नाही. कारखाना बंद म्हणजे टाकीत नवीन पाणी नाही, नवीन पाणी नाही म्हणजे जिवाणू उपाशी. तिसऱ्या दिवशी ते मरायला लागतात आणि कारखाना सुरू झाला की घाण पाणी तसंच पुढे जातं.

मामांनी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. साहेबांनी भाषण लिहायचं आणि पडद्यावरची पानं करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी मामांना समोर बसवलं आणि विचारलं, "मामा, सुट्टीत पाणी कसं सांभाळता?"

"येतो, बघतो. आणखी काय?" मामा म्हणाले.

"येऊन काय करता पण?"

"लिही ना, येतो म्हणून."

मलाही घाई होती. चौथा मुद्दा म्हणून लिहून टाकलं: 'प्रत्येक सुट्टीच्या दिवशी ऑपरेटर स्वतः हजर राहून देखरेख करतो.' छान दिसत होतं. शेजारी टाकीचं चित्रही चिकटवलं.

सभेत आधी कागद कारखान्याचा बॉयलरवाला बोलला. त्यांच्या धुराड्याला राख अडवणाऱ्या कापडी पिशव्या आहेत. पूर्वी त्या मनाला येईल तेव्हा झटकायचे आणि शेजारच्या चाळीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची. आता दर चार तासांनी, थोड्या थोड्या झटकतात. "चाळीतल्या बायका आता शिव्या देत नाहीत," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मग एका गृहस्थांनी मोठ्या मनाने स्वतःची फजिती सांगितली. ते नव्यानेच व्यवस्थापक झाले होते. बंदच्या काळात हौसेने त्यांनी हवेची टाकी रिकामी करवली आणि सगळा गाळ खरवडून ती आतून चकाचक धुवून घेतली. जिवाणू गाळातच असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे दोन महिने त्यांचा नाला रंगीत वाहत होता. सभागृह पोट धरून हसलं. मामाही हसले, पण त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट होते.

मामा उभे राहिले. मी पानं पुढे सरकवत होते, ते वाचत होते. चौथा मुद्दा वाचला तशा अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकारी बाई पुढे झुकल्या. "हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. हे आपण सगळ्यांना लागू करू या. यापुढे प्रत्येक सुट्टीला एक ऑपरेटर प्लांटवर हजर पाहिजे. लिहून घ्या." माना खाली गेल्या, पेनं चालू लागली. आमच्या साहेबांची छाती फुगली. खरं सांगते, माझीही.

मागच्या रांगेतून टॉवेलच्या कारखान्यातली एक ऑपरेटर उठली. तिशीच्या आतबाहेरची, दमलेली. ती भांडायला उठली नव्हती, अगदी साधं विचारत होती. "मामा, आमच्याकडे टाकीवर मी एकटीच आहे. माझं मूल तीन वर्षांचं आहे. आठवड्यातून एक दिवस ते माझ्याजवळ असतं. तुम्ही घरचं कसं जमवता, तेवढं सांगा. मीपण तसं करीन."

मामा पडद्याकडे वळून तो मुद्दा पुन्हा बघू लागले. मला वाटलं पुढचं विसरले, म्हणून मी पाचवा मुद्दा पडद्यावर आणला.

"मागचं पान लाव," मामा मला म्हणाले. मी लावलं.

"हा मुद्दा खोडा," ते म्हणाले. "ताई, तू नको येऊस सुट्टीला. कुणीच यायची गरज नाही. मीपण नुसताच बसलेला असतो."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामा मात्र एकदा सुटले ते थांबले नाहीत. कापड रंगवायच्या आधी त्याची खळ धुतात. ते खळीचं पाणी म्हणजे जिवाणूंचं खरं जेवण, रंगाच्या पाण्यात त्यांना खायला फारसं काही नसतं. बंद व्हायच्या आदल्या दिवशी खळीचं पाणी पुढे जाऊ द्यायचं नाही, पहिल्या टाकीत अर्ध्यापर्यंत साठवायचं. आंबट होऊ नये म्हणून थोडा चुना टाकायचा. तिथून दुसऱ्या टाकीत जाणारा नळ करंगळीएवढी धार पडेल इतकाच उघडा ठेवायचा. हवेच्या यंत्राला टायमर लावायचा, तासातली पंधरा मिनिटं पुरे. "तीन दिवस निघतात. चारही निघतात. मी सहा वर्षांपूर्वीच करून बघितलंय, आजारी पडलो होतो तेव्हा. परत आलो तर मंडळी मजेत होती."

"मग तुम्ही येता कशाला?" अधिकारी बाईंनी विचारलं. आपण काय विचारतोय हे त्यांनाही फारसं कळलं नसावं.

"घरी कुणी नाही ना," मामा म्हणाले. "तिथे निदान आवाज तरी असतो."

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. टॉवेलवाली तेवढी उभीच होती. ती म्हणाली, "खळीचं पाणी अर्धी टाकी. चुना. करंगळीएवढी धार." मामांनी मान डोलावली. मी मान वर केली नाही. ज्या माणसाला सहा वर्षं रोज आकडा सांगत आले, त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं की मामा, रविवारी जेवता कुठे? त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली.

पंधरा दिवसांत परिपत्रक आलं. मामांची पद्धत जशीच्या तशी त्यात होती, धारेचं मापसुद्धा. शेवटची ओळ होती: सुट्टीच्या दिवशी एकट्या माणसाने टाकीवर थांबणं धोक्याचं असल्याने कोणासही प्रवेश देऊ नये. नियम बरोबरच आहे. टाकीत एकटा माणूस पडला तर काढायचं कुणी? साहेबांनी ते फाटकावर लावलं आणि पहारेकऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

परिपत्रक आल्यानंतर पहिल्यांदाच कारखाना सलग तीन दिवस बंद राहिला. आदल्या संध्याकाळी मामांनी खळीचं पाणी साठवलं, चुना टाकला, धार लावली, टायमर दोनदा तपासला. निघताना मी म्हटलं, "मामा, या की घरी एखाद्या दिवशी जेवायला." ते म्हणाले, "येईन की." दिवस मी सांगितला नाही आणि त्यांनी विचारला नाही. तीन दिवस माझ्याकडे पाहुणे होते. मध्ये दोनदा फोन हातात घेतला आणि काहीतरी काम निघालं. ही सबब आहे, मला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. मामा माझ्याआधी येऊन बाटली घेऊन दाराशी उभे होते. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट.

"काय केलंत तीन दिवस?" मी विचारलं.

"घर झाडलं. मग परत झाडलं. काल मुलीचा फोन आला, तिला म्हटलं कामावर आहे."

एरवी बाटली ठेवून ते टाकीवर परत जातात. तपासणीला दोन तास लागतात, तेवढं थांबून करायचं काय? त्या दिवशी ते गेले नाहीत. स्टूल ओढून बसले. मी नमुना यंत्रात उकळायला ठेवला. आम्ही काहीबाही बोललो. ते यंत्राकडे बघत राहिले. मला वाटत होतं, पद्धत सगळ्यांना दिली, आता आपलीच फजिती होईल का, या काळजीत आहेत. म्हणून मी दोनदा म्हटलं, "चांगलंच येणार, मामा." ते नुसतं "हं" म्हणाले.

आकडा आला. अठ्ठ्याण्णव. वर्षभरात इतका चांगला कधी आला नव्हता. मी आनंदाने वळले आणि त्यांचा चेहरा बघितला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस दोन तास इथे बसला होता तो पाणी थोडं तरी बिघडावं म्हणून. फार नको, अडीचशेच्या आतच, पण पुढच्या सुट्टीला कुणीतरी 'मामा, जरा येऊन बघा' म्हणेल इतपत. शंभरेक वाढवून सांगावा असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण त्यांना कळलं असतं. पाणी नुसतं उजेडात धरून ते आकड्याचा अंदाज बांधतात.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"छान." ते उठले. स्टूल होतं त्या जागी ठेवलं, बाटली धुवून पालथी घातली. दाराशी थांबून म्हणाले, "त्या टॉवेलवाल्या पोरीला फोन करून सांग. म्हणावं, निर्धास्त घरी राहा."